दारातला बर्फ

"भावजी, तुमची ब्लँकेटं लागतील. सगळी."

वहिनी अंगणात उभी होती. पदर कमरेला खोचलेला, एका हातात विळा, काखेत बांबूच्या कामट्यांचा भारा. दुपारचे तीन वाजलेले. ऊन होतं, पण नुसतं दिसायला.

"सगळी म्हणजे?"

"बारा आहेत की तुमच्याकडं. तंबूतली."

"आज पार्टी येतीये वहिनी. अकरा माणसं. त्यांना काय टोमॅटोची पानं पांघरायला देऊ?"

"माणसांना स्वेटर असतात. रोपांना नसतात."

ओट्यावर आई तांदूळ निवडत बसली होती. सुपातून मान वर न काढता ती म्हणाली, "झाडांना पांघरूण! सकाळी त्यांना चहा बी दे."

"देते की आई. तुम्ही तेवढं आलं किसून ठेवा."

आई हसली नाही, पण सूप हललं.

आठ वर्षं झाली ह्याला. मी तेव्हा बावीसचा होतो. बारावीला दोनदा गचकलो आणि मग शाळेचा नाद सोडला. तंबू कसा ठोकायचा, शेकोटी कशी रचायची, व्हिडिओ कसा कापायचा, हे सगळं मोबाइलवर बघून बघून शिकलो. आमची वाडी महाबळेश्वरला, वेण्णा तलावापासून चालत पंधरा मिनिटं. घराच्या वरच्या अंगणात माझे तीन तंबू. तिथून उतार, आणि उताराच्या तळाला गवताचा एक सपाट तुकडा. त्या गवताच्या कडेला वहिनीचे वाफे. चाळीस टोमॅटो.

त्या चाळीस रोपांवर काय अडकलं होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

दादा पुण्यात कंपनीची बस चालवायचा. पंधरा दिवसांतून एकदा घरी. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि दोघं एका घरात राहिली असतील ती चाळीस-पन्नास दिवस. वहिनी सांगोल्याकडची, कावेरी नाव. तिच्या वडिलांची रोपवाटिका. ती लहानपणापासून मातीत. आल्यापासून तिचं एकच, की खालच्या तुकड्यात रोपवाटिका काढू, तुम्ही पुणं सोडा. दादाचं म्हणणं, खाली हिवाळ्यात काही जगत नाही. आणि ते खोटं नव्हतं. आमच्याकडं थंडी उतारावरून घरंगळत खाली येते आणि त्या तुकड्यात बसते. वर अंगणात चार अंश असले की खाली दोन. पौषात तर विचारूच नका.

शेवटी दिवाळीत दादा म्हणाला, "एक हिवाळा काढून दाखव. टोमॅटोला थंडी अजिबात चालत नाही ना? मग टोमॅटोच लाव. ते वाचले तर मी नोकरी सोडतो. नाही वाचले तर तू पुण्याला चल, आणि हा तुकडा पन्याच्या तंबूंना."

पन्या म्हणजे मी, प्रणीत. सगळे हो म्हणाले. सगळ्यात आधी मी. तो तुकडा मला हवा होता. तिथून तलावाची कड दिसते. दहा तंबू आरामात बसले असते.

ही बोली झाल्यापासून वहिनी त्या वाफ्यांतच राहायला गेल्यासारखी झाली होती. आता जानेवारी लागला होता. फळं धरली होती, हिरवीगार, लिंबाएवढी. रविवारी दादा बघायला येणार होता. आणि गुरुवारी दुपारी मोबाइलवर आकडा आला, पहाटे एक अंश.

वहिनीला तो आकडा बघून घाम फुटला. मला आनंद झाला.

कारण माझंही काही अडकलं होतंच. आमच्याकडं पहाटे गवतावर दव गोठलं की लोकं लांबून बघायला येतात. आदल्या आठवड्यात मी एक पार्टी बोलावली होती, "या, बर्फ दाखवतो." थंडी पडली, पण गवतावर काहीच दिसलं नाही. त्यांनी जाताना माझ्या पेजवर लिहिलं, "कसला बर्फ? नुसतं गवत. फसवणूक." एक स्टार. ते वाक्य चार दिवस माझ्या डोळ्यांसमोर नाचत होतं. मी जेवताना मोबाइल उघडायचो, ते वाचायचो, बंद करायचो, परत उघडायचो. मग इरेला पेटून पेजवर टाकलं, "शुक्रवारी पहाटे. आमच्या दारात बर्फ. शंभर टक्के."

शंभर टक्के लिहून बसलो आणि तेव्हापासून बूड टेकवत नव्हतं.

"भावजी, ब्लँकेटं," वहिनी परत म्हणाली.

"वेगळी तीन फाटकी पडलीत ती न्या."

"तीनात काय होतंय? चाळीस रोपं आहेत."

"मग गोणपाटं बघा. नाहीतर साड्या."

मी हे टाळायला म्हणालो होतो. पण वहिनी थांबली. तिचे डोळे चमकले. विळा खाली टाकून ती सरळ आत गेली आणि पत्र्याची ट्रंक ओढत बाहेर घेऊन आली. आहेराच्या साड्या. लग्नात नुसत्या एका हातातून दुसऱ्या हातात जातात त्या. कुणी नेसत नाही, कुणी टाकत नाही. प्रत्येक घरात अशी एक ट्रंक असते.

आई उठून उभी राहिली. "अगं अगं, ती जांभळी माझ्या मामीनं दिलेली!"

"म्हणून तर काढली आई. अस्सल नायलॉन. वारा आत शिरायचा नाही."

"मामीला कळलं तर?"

"मामींना सांगू, सून रोज नेसते. शेतात."

आता मात्र आई हसली. सूप बाजूला ठेवून ती स्वतःच ट्रंकेत हात घालून बसली. "ही पोपटी घे. ही चुलत नणंदेची. माझ्या लग्नात तिनं मला अशीच दिली होती, मी तशीच पुढं ढकलली, फिरून परत आली बघ."

दोघी उतार उतरून गेल्या. मी पण गेलो, तीन फाटकी ब्लँकेटं खांद्यावर टाकून. बघायला.

वहिनीचं काम बघण्यासारखं होतं, हे कबूल करतो. तिनं दुपारीच बुंध्यांना पाणी देऊन ठेवलं होतं. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते म्हणाली. मग प्रत्येक वाफ्यावर कामट्यांच्या कमानी खोचल्या. कमानींवर आधी गोणपाट, कुठं माझं फाटकं ब्लँकेट, त्यावर साडी, कडेला दगड. आई गाठी मारत होती.

"पान कापडाला लागता कामा नये," वहिनी सांगत होती. "लागलं की तेवढं पान गेलं. आणि कापड कोरडं पाहिजे. एक थेंब नको त्याच्यावर."

"का?" मी विचारलं.

"भावजी, ओला सदरा घालून रात्री बाहेर बसाल का तुम्ही? त्यापेक्षा उघडं बरं. तसंच आहे हे."

साडेपाचला सगळं झालं. चार लांब वाफे, जांभळे, पोपटी, गुलाबी, मध्ये गोणपाटाची ठिगळं. रंगीबेरंगी ओळीनं झोपलेली माणसं असावीत तसं दिसत होतं.

आई म्हणाली, "बाई गं, वऱ्हाड झोपलंय जणू."

वहिनीनं हात जोडले. कुणाला ते माहीत नाही. साड्यांनाच बहुतेक. मग मला म्हणाली, "चला, तुमच्या पार्टीचं पिठलं टाकायचंय. अकरा माणसांच्या भाकऱ्या काय चेष्टा आहे?"

हे पण सांगायला पाहिजे. माझ्या पार्ट्यांचा स्वयंपाक आई आणि वहिनीच करायच्या. मी फक्त फोटो काढायचो.

त्या वर गेल्या आणि मी गोठ्याच्या मागून स्प्रिंकलर काढला.

ही युक्ती मुबारकची. तो तलावावर घोडे फिरवतो, माझा दोस्त. मागच्या आठवड्याची फजिती ऐकून तो पोट धरून हसला होता. "अरे येड्या, बर्फ काय वरनं पडतो का? गवतावर पाणी असलं तर गोठणार. हवा कोरडी असली की घंटा दिसत नाय. संध्याकाळी गवतावर पाणी सोड, सकाळी काश्मीर बघ." म्हणून मी शेजारच्या स्ट्रॉबेरीच्या शेतातला एक स्प्रिंकलर मागून आणला होता. त्याला आमच्या टाकीचा पाइप लावला.

तो मी गवताच्या मधोमध ठेवला. वाफ्यांपासून पंधरा पावलं लांब. पावलं मोजली मी. कॉक फिरवला. फवारा गोल फिरायला लागला, चक चक चक. गवत चमकायला लागलं. एवढं होतंय तोवर फोन वाजला. पार्टी पसरणीचा घाट चढत होती, वळण चुकली होती, मागून कुणाचं तरी पोर रडत होतं. मी रस्ता सांगत सांगत वर आलो.

मग पळापळ. तंबूत गाद्या टाक, दिवे लाव. शेकोटीची लाकडं खाली उतारावर ढीग लावून ठेवली होती, ती आणायला परत एकदा खाली गेलो. तेवढ्यात अंधार पडलाच. पार्टी आली. नागपूरकडची माणसं, मोठ्या आवाजाची, हौशी. पिठलं भाकरी बघून खूश. त्यातले एक टोपीवाले काका वहिनीला म्हणाले, "ताई, हातात जादू आहे तुमच्या." वहिनी लाजली, पण तिचं लक्ष खिडकीकडं. भाकरी वाढता वाढता दर पाच मिनिटांनी मला विचारायची, "आता किती?"

"सात अंश."

"आता?"

"वहिनी, पाच मिनिटांत काय धावतंय का ते?"

काका मला म्हणाले, "काय भाऊ, दिसणार ना बर्फ? शंभर टक्के लिहिलंय तुम्ही."

"दिसणार."

त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढंच सांगतो. कूस बदलायची, मोबाइल बघायचा. पाच. तीन. पहाटे साडेपाचला उठून खाली गेलो. स्प्रिंकलर कधीचा थांबला होता. टाकी रिकामी. गवत पायाखाली कर्रकन मोडत होतं, काचेसारखं. मी बॅटरी मारली आणि उडीच मारली. पांढरंफेक. सगळं. पार्टीला युक्ती कळू नये म्हणून स्प्रिंकलर उचलून लाकडांमागं टाकला. बोटं सोलून निघाली, एवढा गार झाला होता लोखंडाचा दांडा.

वाफ्यांवर मी बॅटरी मारली नाही.

उजाडायला लागलं तशी पार्टी खाली आली आणि मग जो गलका झाला! काकांनी टोपी काढून हवेत उडवली. बायका गवतावर बसून बर्फ ओरबाडून एकमेकींच्या पाठीत घालत होत्या. मी मोबाइल धरून मागं मागं पळत होतो. मनात नुसतं, एक स्टार काय? आता बघा.

"अय्या, ह्या साड्या बघा!" कुणीतरी ओरडलं.

साड्या ताठ झाल्या होत्या. पापडासारख्या. त्यांच्या काठांवरून बर्फाच्या काड्या लोंबत होत्या. जांभळ्या नायलॉनवर पांढरा थर, त्यावर कोवळा उजेड. खोटं कशाला बोलू, फार सुंदर दिसत होतं. सगळे तिकडं धावले. मी पण.

तेवढ्यात वहिनी उतारावरून आली. अनवाणी. तिला गवत टोचत असणार, पण तिचं लक्ष नव्हतं. तिनं पहिल्या वाफ्याच्या साडीला हात घातला, आणि साडी निघेना. ओल्या गोणपाटाचं वजन होऊन कमानी दबल्या होत्या. कापड थेट पानांवर बसलं होतं आणि पानांसकट गोठलं होतं. तिनं हळूच ओढलं. साडी उचलली गेली आणि सोबत एक अख्खा शेंडा तुटून आला.

"ताई, थांबा थांबा!" काका म्हणाले. "तशीच धरा साडी. एक मिनिट. असंच. थोडी वर. वा!"

वहिनीनं धरली.

तिला काय चाललंय कळतच नव्हतं बहुतेक. ती साडी हातात धरून उभी राहिली आणि अकरा माणसं तिचे फोटो काढत राहिली. मी व्हिडिओ काढला. नऊ सेकंदांचा. त्यात शेवटी ती कॅमेऱ्याकडं बघते.

तो व्हिडिओ दुपारपर्यंत चाळीस हजार लोकांनी बघितला. त्याच दुपारपर्यंत पानं काळी पडली होती. आधी काचेसारखी झाली, मग उकडलेल्या पालकासारखी लोंबायला लागली. चाळीसच्या चाळीस.

वहिनी रडली असती तर बरं झालं असतं. ती वाफ्यांमधून फेऱ्या मारत होती. इथून तिथं, तिथून इथं. प्रत्येक गाठ सोडून बघायची.

"आई, कोरडंच होतं ना सगळं? तुम्ही बांधलं तेव्हा?"

"कोरडं होतं."

"मग एवढं ओलं कुठनं? दव एवढं पडतंय का?"

आईनं गोणपाट उचललं, पिळलं. धार लागली.

वहिनीनं वडिलांना फोन लावला. स्पीकरवर. मी ओट्यावर बसून पार्टीचे कप विसळत होतो.

"आप्पा, सगळं गेलं."

"कसं काय गं? कोरडं टाकलंवतंस का?"

"कोरडंच. कमानी बी होत्या."

"मग एवढं नाही व्हायचं, पोरी. कडंची पानं करपतील, बुंधा राहतोय. पाणी लागलं असणार कुठनं तरी. बघ नीट."

मी हातातला कप विसळत राहिलो. तो कधीच स्वच्छ झाला होता.

"नाही आप्पा," ती शेवटी म्हणाली, "पाणी कुठनं येतंय इथं. माझंच कायतरी चुकलं."

ते दोन दिवस मी घरात ठरत नव्हतो. तलावावर जायचो, मुबारकच्या घोड्यांजवळ उभा राहायचो, परत यायचो. मोबाइलवर लोकं लिहीत होती, "जबरदस्त", "पुढच्या आठवड्यात जागा आहे का?" मी कुणालाच उत्तर दिलं नाही. मुबारक म्हणाला, "काय रे, फेमस झालास तर तोंड असं का?" मी म्हणालो, झोप नाही. खरंच नव्हती.

घरात वहिनी सारखी विचारत होती. जेवताना, भांडी घासताना. "आई, मी दगड लवकर ठेवले का? भावजी, गोणपाटं गोठ्यातली होती, ओल धरलेली होती का हो आधीच?" ज्याला त्याला विचारायची आणि प्रत्येक वेळी स्वतःचीच नवीन चूक शोधून काढायची. मी म्हणायचो, "असेल." आई म्हणायची, "जेव आधी."

रविवारी दादा आला. दुपारी, बॅग खांद्यावर. सरळ खाली वाफ्यांकडं गेला, बघितलं, वर आला. वहिनी दारात उभी. तो चिडला नाही. चिडला असता तर मी कदाचित बोललो नसतो. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे. तू केलंस तेवढं कुणी केलं नसतं. मार्चमध्ये खोली बघतो. आपण दोघं तिकडं राहू."

वहिनी म्हणाली, "हो. मला जमलं नाही."

एवढंच. जमलं नाही. आणि ती पानं वाढायला वळली.

जेवण झाल्यावर ती खाली गेली, रोपं उपटायला. म्हणाली, काळं तोंड किती दिवस बघायचं. मी पाठोपाठ गेलो. तिनं बघितलं आणि बाजूला सरकून मला जागा करून दिली, जणू मी मदतीलाच आलोय. आम्ही चार-पाच रोपं उपटली. मुळांना चिकटलेली माती ती झटकून वाफ्यातच ठेवायची.

"वहिनी."

"हं."

"पाणी माझं होतं."

तिचा हात थांबला.

मी सगळं सांगितलं. घाईघाईत, एका दमात. एक स्टार, शंभर टक्के, मुबारक, स्प्रिंकलर, पंधरा पावलं. "संध्याकाळी तळ्याकडनं वारं होतं, फवारा इकडं वळला असणार. मला वाटलं लांब आहे. पार्टी यायची होती, मी वर गेलो. पहाटे उचलून लपवला."

ती माझ्याकडं बघत होती. हातात काळं रोप. मला वाटलं आता थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

तिनं एकच विचारलं. "तुम्हाला दिसलं होतं का भावजी? साड्या भिजताना?"

"नाही," मी म्हणालो. "दिसलं असतं तर बंद नसतं का केलं?"

ती बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यात काहीतरी सुटलं. दोन दिवस आवळून धरलेलं. ती चक्क हसली. डोळ्यांत पाणी आणि हसतेय.

"म्हणजे माझं बरोबर होतं!"

"हो."

"कोरडं असतं तर वाचली असती!"

"असती."

"येडे आहात तुम्ही भावजी! अहो, पाणी सोडलं? बर्फासाठी?" तिनं ते रोप माझ्या अंगावर फेकलं आणि उतार चढत धावत सुटली. "अहो! ऐकलंत का? अहो! माझं चुकलं नव्हतं!"

वर दादाचा आवाज आला, मग तिचा, मग दादाचा मोठ्यानं. "पन्या! गाढवा! वर ये तू!" पण त्या ओरडण्यात हसू होतं. ऐकू येत होतं. मग दादा तिला म्हणाला, "मग हा हिवाळा धरायचा नाही. पुढचा बघू. तोवर तुकडा तुझाच." आणि वहिनी काहीतरी बोलली ते मला कळलं नाही.

मी तिथंच उभा होतो. आई उतारावरून येत होती, हातात बुट्टी. ती माझ्याजवळ येऊन खाली बसली आणि उपटलेल्या रोपांमधून टोमॅटो चाचपायला लागली. वरचे मऊ पडले होते. बुडाशी, मातीला टेकलेले काही अजून टणक होते.

"सांगितलंस?"

"हो."

"सगळं?"

"हो."

आईनं एक टोमॅटो दाबून बघितला, बुट्टीत टाकला. "मी भाकऱ्या टाकत होते प्रणीत. चुलीवरची खिडकी इकडंच उघडते."

मी वर खिडकीकडं बघितलं.

लाकडं आणायला मी खाली गेलो होतो ना, तेव्हा अजून थोडा उजेड होता. वारं तळ्याकडून येत होतं आणि फवाऱ्याचं पाणी तिरकं होऊन वाफ्यांवर पडत होतं. जांभळी साडी काळपट होत चालली होती. पोपटी पण. मी लाकडं काखेत धरून उभा राहिलो. वहिनीचं ओल्या सदऱ्याचं बोलणं माझ्या कानात तासाभरापूर्वीचं होतं. कॉक माझ्यापासून आठ पावलांवर होता. मी काही ठरवलं नाही. ठरवलं असतं तर निदान तसं सांगता आलं असतं. मी फक्त उभा राहिलो, त्या तुकड्याकडं बघत, दहा तंबू कुठं कुठं बसतील ते बघत. मग लाकडं घेऊन वर आलो.

"किती वेळ उभा होतास," आई म्हणाली. "मला वाटलं, आता हलशील, मग हलशील. तव्यावरची भाकरी करपली माझी."

"मग तू का नाही..."

"मला काय ठाऊक साड्या भिजतायत का काय. एवढ्या लांबनं मला तू दिसत होतास. पाणी नाही दिसलं. गोणपाट पिळलं तेव्हा कळलं."

वरून परत हसण्याचा आवाज आला. दादा कुणाला तरी फोनवर सांगत होता. सांगोल्यालाच असणार.

"आता जाऊन सांगू?" मी विचारलं.

आई बराच वेळ वेचत राहिली. "ते मी नाही सांगायची," ती म्हणाली. "वेच तिकडचे. हिरवे टणक तेवढेच घे. चटणी होईल."

आम्ही वेचले. पाऊण बुट्टी भरली.

रात्री चटणी झाली. हिरवे टोमॅटो, मिरची, दाण्याचं कूट, वरून लसणाची फोडणी. दादानं माझी इतकी थट्टा केली की त्यालाच ठसका लागला. वहिनी वाढत होती. दीड वर्षात मी तिला एवढी मोकळी बघितली नव्हती. तिनं दादाच्या ताटात वाढली, मग माझ्या, मग परत माझ्याच.

"घ्या की भावजी. तुमच्याच बर्फातली आहे."

"बास वहिनी."

"बास कशाला? मनावर घेऊ नका हो एवढं. मुद्दाम का केलंत?"

आई समोर बसली होती. तिनं घास तसाच हातात धरला होता.

मी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि खाल्ला.